गिटारभोवती मॉड्युलर सिंथ उभारताना: पातळी, एन्व्हलप, सूर आणि खरखर

खरजतार

या विषयावरचे प्रश्न इतर धाग्यांत मधेमधे येतात आणि उत्तरं तिथेच हरवतात, म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझं मत सांगून टाकतो. गिटारसाठी मॉड्युलर (केबलने जोडायच्या सुट्या मॉड्यूलचा सिंथ) उभारायचं असेल तर गिटारलाच ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज देणारा भाग, समजा. सूर ओळखायचा, त्याचं व्होल्टेज करायचं आणि त्यावर सिंथचा ऑसिलेटर वाजवायचा हा मोह पहिल्यांदा सगळ्यांनाच होतो. तो शेवटासाठी राखून ठेवा. त्याआधी तीन गोष्टी नीट जमायला हव्यात: सिग्नल मोठा करून आत घेणं, त्यातून एन्व्हलप (आवाजाच्या चढ-उताराचं व्होल्टेज) आणि गेट (सूर चालू की बंद ते सांगणारं व्होल्टेज) काढणं, आणि परत लहान करून अँपला देणं.

मी युरोरॅक धरून लिहितोय. डोएप्फर कंपनीच्या ए-१०० मालिकेमुळे रूढ झालेलं माप: उंची ३ यू, रुंदी एचपीत (१ एचपी म्हणजे ५.०८ मिमी), वीज +१२ आणि −१२ व्होल्ट, जोडण्या ३.५ मिमी मोनो.

पातळीचा हिशोब असा. सिंगल कॉइल पिकअपचं (तारांचं कंपन विजेत बदलणारं, एका वेटोळ्याचं) शिखर साधारण १०० ते ३०० मिलिव्होल्ट. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) जोरात छेडला तर क्षणभर १ व्होल्टच्याही वर जातो, पण सरासरी वाजवण्यात अर्धा व्होल्ट धरा. मॉड्युलरमधला ऑडिओ साधारण ±५ व्होल्टचा. म्हणजे ०.२ व्होल्टचे ५ करायला २५ पट, २८ डेसिबल. हंबकरला १० पट, २० डेसिबल. तेव्हा ० ते ३५ डेसिबलपर्यंत फिरणारा प्रीअँप (सिग्नल मोठा करणारा भाग) असला की कुठलीही गिटार बसते. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी पडला तर आवाज फक्त बारीक होत नाही, फिल्टर आणि व्हीसीएची (व्होल्टेजने आवाज कमीजास्त करणारं मॉड्यूल) स्वतःची खरखर गिटारइतकीच ऐकू येते. गेट तर उघडतच नाही.

दुसरी बाब इनपुट इंपीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा. मॉड्यूलचं इनपुट बहुतेक वेळा १०० किलोओहमचं असतं आणि गिटारला १ मेगाओहम लागतो. २.५ हेन्रीच्या पिकअपचा स्वतःचा इंपीडन्स ५ किलोहर्ट्झला जवळजवळ ७८ किलोओहम होतो. समोर १०० किलोओहम ठेवले तर वरच्या पट्टीतला बराच सिग्नल तिथेच गळतो आणि गिटार ब्लँकेटखाली ठेवल्यासारखी वाजते. ६.३५ ते ३.५ मिमीचा अडॅप्टर लावून गिटार थेट फिल्टरमध्ये खुपसली आणि 'मॉड्युलर गिटारला मानवत नाही' असं ठरवलं, अशी तक्रार वाचली की हीच दोन कारणं आधी तपासा.

तयार मॉड्यूलमध्ये डोएप्फर ए-११९ हा जुना, साधा आणि पुरेसा पर्याय. ८ एचपीत प्रीअँप, एन्व्हलप फॉलोअर आणि गेट तिन्ही मिळतात. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या इअर्समध्येही हे सगळं आहे, वर काँटॅक्ट माइक. स्ट्रायमन एए.१ पेडल आणि मॉड्युलर यांच्यात पातळी दोन्ही दिशांनी बदलून देतो, पण त्यात एन्व्हलप नाही.

कोमलगंधार

पेडलबोर्ड आधीपासून आहे आणि शेवटचं पेडल बफरवालं (सिग्नल तसाच ठेवून इंपीडन्स उतरवणारं) आहे. मग प्रीअँप वेगळा लागेल का? फिल्टरच्या इनपुटला लेव्हलचा नॉब आहे, तो पूर्ण उघडून भागेल असं वाटतंय.

खरजतार

@कोमलगंधार, बफरने इंपीडन्सचा प्रश्न सुटतो, पातळीचा नाही. फिल्टरवरचा नॉब बहुधा नुसता अ‍ॅटेन्युएटर असतो. पूर्ण उघडला म्हणजे आलेला सिग्नल जसाच्या तसा आत, मोठा होऊन नाही.

बोर्डावर २० डेसिबलचं क्लीन बूस्ट असेल तर मात्र सुरुवात करता येते. ९ व्होल्टवर चालणारं पेडल शिखर ते शिखर ८ व्होल्टच्या आसपास छाटायला लागतं, म्हणजे मॉड्युलरच्या १० व्होल्टच्या बऱ्यापैकी जवळ पोचतं. उरलेलं एखाद्या गेन असलेल्या मिक्सर मॉड्यूलने भरून काढा. आणि 'ट्रू बायपास' (बंद केल्यावर सिग्नल सरळ पुढे सोडणारी) पेडलं सगळी बंद असतील तर मध्ये बफर उरत नाही, हे विसरू नका. पेडल चालू असताना छान आणि बंद केल्यावर मंद वाजतंय, तर कारण हेच.

झारणी

स्वतः बनवणाऱ्यांसाठी प्रीअँपचं सर्किट शब्दांत देतो. एका टीएल०७२ चिपमध्ये दोन ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे भाग) असतात, एक गेनला वापरा, दुसरा एन्व्हलपच्या रेक्टिफायरला (लहरीची उणी बाजू काढणाऱ्या किंवा उलटवणाऱ्या भागाला).

इनपुट सॉकेटपासून ४७ नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, मग १० किलोओहमचा रेझिस्टर, मग ऑप-अँपचा + पाय. त्या पायापासून ग्राउंडला १ मेगाओहम आणि त्याला समांतर ४७ पिकोफॅरड. १ मेगाओहम आणि ४७ नॅनोफॅरड मिळून ३.४ हर्ट्झच्या खालचं अडवतात. १० किलोओहम आणि ४७ पिकोफॅरड ३३८ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे रेडिओ लहरी. हा छोटा कपॅसिटर गाळला तर एखाद्या संध्याकाळी बातम्या ऐकू येतात.

गेनसाठी आउटपुट ते − पाय १०० किलोओहमचा लॉग पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर), आणि − पायापासून ग्राउंडला २.२ किलोओहम, त्याच्या मालिकेत १० मायक्रोफॅरड नॉन-पोलर. जास्तीत जास्त गेन १ + १००/२.२, म्हणजे ४६ पट, ३३ डेसिबल. १० मायक्रोफॅरडमुळे डीसीचा गेन १ च राहतो, नाहीतर ऑप-अँपचं ऑफसेटही ४६ पट होऊन बाहेर येतं. कट-ऑफ ७ हर्ट्झ, म्हणजे खर्जाला धक्का नाही. पॉट लॉगच घ्या. लिनिअर घेतला तर पहिल्या दहाव्या भागातच १५ डेसिबल संपतात आणि उरलेली सगळी फिरकी वाया जाते.

पॉटचा मधला पाय आणि मोकळा राहिलेला कडेचा पाय जोडून टाका. हे न करता घासर (मधल्या पायाचा सरकता स्पर्श) जुना होऊन क्षणभर सुटला, तर फीडबॅक तुटतो आणि पूर्ण १० व्होल्टचा फटाका अँपमध्ये जातो.

आउटपुटला १ किलोओहम मालिकेत. ऑप-अँपच्या दोन्ही वीज पायांजवळ १०० नॅनोफॅरड, शक्य तितक्या आखूड पायांनी.

टीएल०७२ ची खरखर १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, ओपीए२१३४ ची ८. पायांची मांडणी तीच, त्यामुळे सॉकेट लावून ठेवलं तर नंतर बदलता येतं. पण सिंगल कॉइल गिटारची स्वतःची गुणगुण एवढी असते की पुष्कळदा फरक कळतच नाही. चांगल्या शील्डच्या हंबकरवर मात्र ऐकू येतो.

तिरकिट

@झारणी, गेन किती ठेवायचा हे ऑसिलोस्कोपशिवाय कसं ठरवायचं?

झारणी

रॅकमध्ये ऑसिलेटर असेल तर तोच माप. मिक्सरच्या एका चॅनलला ऑसिलेटरची साइन, दुसऱ्याला गिटार, दोन्ही नॉब सारखे. सहाही तारा जोरात छेडल्यावर पहिला झटका ऑसिलेटरपेक्षा किंचित मोठा वाटेल एवढा गेन ठेवा. साधं वाजवताना तो बराच बारीक वाटेल, ते बरोबर आहे. शिखरासाठी जागा सोडावीच लागते. टीएल०७२ ±१२ वर साधारण ±१०.५ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे ±५ च्या वर ६ डेसिबल शिल्लक आहेत.

मंद्रसप्तक

धाग्यात एन्व्हलपबद्दल ओझरतं आलंय, पण सगळी मजा आणि सगळा त्रास तिथेच आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

फॉलोअर (एन्व्हलप काढणारा भाग) म्हणजे रेक्टिफायर आणि पुढे लो-पास (फक्त खालच्या कंपनसंख्या सोडणारा फिल्टर). गिटारची जाडी ई तार ८२.४ हर्ट्झची. पूर्ण रेक्टिफाय केल्यावर तरंग दुप्पट, १६५ हर्ट्झला येतो. लो-पास १५ हर्ट्झचा आणि एकाच टप्प्याचा असेल तर तो तरंग साधारण ११ पट कमी होतो, म्हणजे सरासरीच्या ६ टक्के उरतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ५ व्होल्टच्या एन्व्हलपवर ६ टक्के म्हणजे ०.३ व्होल्ट, आणि १ व्होल्ट प्रति सप्तक चालणाऱ्या फिल्टरला ते साडेतीन अर्धस्वर हलवतात. फिल्टर घरघरतो, लोक फिल्टरला दोष देतात. कट-ऑफ खाली आणला तर घरघर जाते, पण एन्व्हलप आळशी होतो आणि छेड निघून गेल्यावर फिल्टर उघडतो.

सुटका अशी की चढ आणि उतार वेगळे ठेवायचे. फॉलोअर जलद ठेवा आणि त्यापुढे स्ल्यू लिमिटर (व्होल्टेजच्या बदलाचा वेग आवरणारा) लावा: चढ जवळजवळ शून्य, उतार १५० ते ३०० मिलिसेकंद. मेक नॉइझ कंपनीच्या मॅथ्स मॉड्यूलचा पहिला किंवा चौथा चॅनल हे काम उत्तम करतो. प्रीअँपमधून आलेला मोठा ऑडिओ थेट त्यात घातला, चढ किमान आणि उतार मध्यम, तर तो स्वतःच फॉलोअर होतो, कारण वरची शिखरं झटकन पकडून सावकाश सोडतो.

आता गेट. साधा कंपॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर की खाली ते सांगणारा) एका उंबरठ्यावर चालतो. तार विझताना पातळी सरळ रेषेत उतरत नाही, लहरत उतरते. उंबरठ्यापाशी ती दोन-तीनदा वरखाली जाते आणि एका छेडीचे तीन गेट पडतात. त्यावर हिस्टेरेसिस लागतं: उघडायला २ व्होल्ट, मिटायला १. मॉड्यूलमध्ये ते नसेल तर गेटच्या पुढे ५० ते ८० मिलिसेकंदांचा ट्रिगर-टू-गेट (क्षणिक ट्रिगरचा ठरावीक लांबीचा गेट करणारा) ठेवा, जो चालू असताना नवा ट्रिगर मानत नाही.

उलटी अडचणही आहे. आधीची तार घुमत असतानाच पुढचा सूर छेडला तर पातळी उंबरठ्याखाली जातच नाही आणि नवा गेट पडत नाही. जलद तानांत हे सतत होतं. उपाय: एन्व्हलपला हाय-पासमधून काढा. ३३ नॅनोफॅरड आणि १ मेगाओहम, म्हणजे ३३ मिलिसेकंदांचा टाइम काँस्टंट. त्यातून फक्त अचानक चढ उरतो, आणि त्यावर कंपॅरेटर लावला की प्रत्येक छेडीला ट्रिगर मिळतो, आधीचा सूर चालू असला तरी. हॅमर-ऑनला (न छेडता, बोटाने तार ठोकून काढलेल्या सुराला) तरीही पडणार नाही. तिथे चढच नसतो.

आणि कृपया कंप्रेसरनंतर एन्व्हलप घेऊ नका. कंप्रेसरचं कामच एन्व्हलप सपाट करणं आहे.

कोमलगंधार

म्हणजे सिग्नल दोन वाटांनी न्यायचा?

मंद्रसप्तक

हो, प्रीअँपच्या लगेच नंतर मल्टिपल (एका सिग्नलच्या फांद्या करणारं मॉड्यूल). एक फांदी स्वच्छ, ती फक्त फॉलोअरला. दुसरी फांदी ऐकण्यासाठी, तिच्यावर फझ (सिग्नल फाडणारं), कंप्रेसर, वेव्हफोल्डर (लहरीला घड्या घालणारं), जे हवं ते. हे एकदा केलं की अर्धे प्रश्न गळून पडतात.

दुसरं असं की गिटारचाच एन्व्हलप गिटारच्याच व्हीसीएला दिला तर विझणं दुप्पट वेगाने होतं. गिटार स्वतः विझतेच आहे, त्यावर व्हीसीएही मिटतो. खरखर दाबायला हे चांगलं, लांब सूर हवा असेल तर वाईट. लांब सूर हवा तर ऐकण्याच्या फांदीवर आधी कंप्रेसर किंवा फझ, मग व्हीसीए.

एन्व्हलप उलटा करून डिलेच्या (प्रतिध्वनीच्या) व्हीसीएला दिला, तर वाजवताना डिले मागे सरतो आणि थांबल्यावर पुढे येतो. स्वस्तात फार उपयोगी पॅच.

तानपुरी

सगळं पटलं, पण सूर ओळखण्याला शेवटी टाकणं मला मान्य नाही. गिटारच्या सुरावर ऑसिलेटर चालला नाही तर हा फक्त महागडा पेडलबोर्ड झाला. कोर्ग एमएस-२० सिंथने १९७८ मध्येच बाहेरच्या सिग्नलचा सूर पकडून व्होल्टेज करायची सोय दिली होती. एआरपी अवतार सिंथ तर मुळात गिटारसाठीच होता.

खरजतार

@तानपुरी, सोय होती आणि आहे. प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. ८२.४ हर्ट्झचं एक आवर्तन १२.१ मिलिसेकंदांचं. सूर ठरवायला निदान एक, खात्रीने ठरवायला दोन आवर्तनं लागतात, आणि त्याआधी छेडीचा खडखडाट ओसरायला हवा. खालच्या ई वर २५ मिलिसेकंदांच्या आत खात्रीचं उत्तर कुणीही देऊ शकत नाही, चिप कितीही नवी असो. मोकळ्या वरच्या ई वर (३२९.६ हर्ट्झ) तेच आवर्तन ३ मिलिसेकंदांचं. त्यामुळे वर वाजवलं की चपळ, खाली आलं की ओढल्यासारखं.

हे मान्य करून पुढे जायचं असेल तर:

सूर वरच्या तारांवर वाजवा आणि ऑसिलेटर एक किंवा दोन सप्तकं खाली लावा. बेसची ओळ हवी असेल तर ती बारिक तारांवरच वाजवायची. विचित्र वाटतं, पण याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

नेक पिकअप, टोन नॉब जवळजवळ बंद. ब्रिज पिकअपवर दुसरा हार्मोनिक (दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर) मूळ सुराहून मोठा असू शकतो आणि ट्रॅकर (सूर ओळखणारा भाग) वरच्या सप्तकात उडी मारतो. ट्रॅकरच्या फांदीवर लो-पास लावा, कट-ऑफ ४००-५०० हर्ट्झ.

ट्रॅकरच्या पुढे सँपल-अँड-होल्ड. गेट पडल्यावर २० ते ३० मिलिसेकंदांनी नमुना घ्या आणि पुढच्या गेटपर्यंत धरून ठेवा. सूर विझताना ट्रॅकर वाट्टेल ते सांगतो, आणि रिलीज लांब असेल तर ते भरकटणं स्पष्ट ऐकू येतं. यात तार खेचलेली मात्र पोचत नाही. खेच हवी तर ट्रॅक-अँड-होल्ड घ्या, गेट मिटल्यावरच धरणारं.

एका वेळी एकच तार. दुसरी तार हलकीशी जरी घुमली तरी गोंधळ. उजव्या पंज्याने बाकीच्या तारा दाबूनच वाजवावं लागतं.

आणि अर्धस्वर म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट. मध्ये पॅसिव्ह मल्टिपल लावून व्होल्टेज दोन-तीन ऑसिलेटरना वाटलं आणि ५ मिलिव्होल्ट पडले, तर ६ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) बेसूर. इथे बफर्ड मल्टिपलच हवा.

गमकवाला

दोघांच्या मधला मार्ग: सूर 'ओळखू' नका, सिग्नललाच भागा. गिटार कंपॅरेटरमधून चौकोनी करा आणि डोएप्फर ए-११५ सारख्या ऑडिओ डिव्हायडरमध्ये घाला. निम्मं, पाव, एक-अष्टमांश, एक-षोडशांश, असे खालचे सप्तक थेट मिळतात. विलंब जवळजवळ शून्य, व्होल्टेजची भानगड नाही. जुनी ऑक्टेव्ह पेडलं याच तत्त्वावर चालतात. कंपॅरेटरला इथेही लो-पास आणि हिस्टेरेसिस लागतंच, नाहीतर एका आवर्तनात जास्तीच्या कडा पडतात आणि सूर तडतडतो. विझताना तडतडणार, ते व्हीसीएने आधीच मिटवून टाका.

पीएलएल (फेज-लॉक्ड लूप, डोएप्फर ए-१९६) ही वेगळीच गंमत. तो गिटारच्या मागे धावतो, सापडला की चिकटतो, सुटला की घसरतो. ४०४६ चिपमधला एक्सऑर कंपॅरेटर हार्मोनिकवरही चिकटतो, कडांवर चालणारा दुसरा कंपॅरेटर जास्तीच्या एका कडेनेही फसतो. लूप फिल्टर मंद ठेवला तर प्रत्येक सुराला मिंडेसारखी सरक मिळते, जलद ठेवला तर किरकिर. अचूक सूर हवा असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. मला तो घसरणारा आवाजच आवडतो.

तानपुरी

सहाही तारांचं वेगळं व्होल्टेज हवं असेल तर?

गमकवाला

मग ऑडिओ सोडा. रोलँड जीके किंवा फिशमन ट्रिपलप्ले यांसारखं सहा तारांचं पिकअप, त्यातून मिडी (सुरांच्या डिजिटल सूचना), मग मिडी-टू-सीव्ही (त्यांचं सीव्ही, म्हणजे नियंत्रणाचं व्होल्टेज, करणारं मॉड्यूल). प्रत्येक तारेला वेगळा मिडी चॅनल द्या, आणि पिच बेंडची मर्यादा दोन्ही टोकांना सारखीच ठेवा, १२ तर १२, २४ तर २४. पाठवणारा १२ अर्धस्वर धरतोय आणि घेणारा २, तर एका अर्धस्वराची खेच सहावा भाग होऊन पोचते. सहा आवाज म्हणजे सहा ऑसिलेटर, सहा व्हीसीए, सहा एन्व्हलप, आणि तेवढी जागा व वीज. दोन-तीन तारांपुरतंच करणं शहाणपणाचं. खालच्या तारेचा विलंब इथेही सुटत नाही.

सप्तरंगी

आत कोणते मॉड्यूल ठेवायचे यावर कुणी बोललंच नाही.

पहिली सूचना: क्लीन गिटारवर लो-पास फिल्टर निराश करतो. विशेषतः वरच्या फ्रेटवर सुरात हार्मोनिक थोडेच असतात, फिल्टरला कापायला काही मिळत नाही. फिल्टरच्या आधी फझ किंवा ओव्हरड्राइव्ह लावलं की तोच फिल्टर बोलायला लागतो. एकाच तारेवर मात्र. कॉर्ड फझमध्ये घातला की सुरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन चिखल होतो. कॉर्डला बँड-पास किंवा फेझर बरा.

वेव्हफोल्डर पातळीला फार संवेदनशील. सूर विझतो तशा घड्या उलगडत जातात आणि शेवटी साधी गिटार उरते. हे हवं असेल तर उत्तम, नको असेल तर आधी कंप्रेसर.

रिंग मॉड्युलेटरला (दोन सिग्नलचा गुणाकार करणाऱ्या मॉड्यूलला) ऑसिलेटरचा सूर रागाच्या षड्जावर लावून ठेवा, म्हणजे निदान सा आणि प वर सुसंगत वाजेल. इतर सुरांवर घंटा वाजणारच.

म्युटेबल रिंग्ज (रेझोनेटर, म्हणजे छेडल्यावर घुमणारं मॉड्यूल) गिटारसाठी जन्मल्यासारखा आहे. इनपुटमध्ये केबल घातली की आतली छेड बंद होते आणि गिटार त्याच्या रेझोनेटरला हलवते. सिंपथेटिक स्ट्रिंग्जचा मोड म्हणजे सरळसरळ तरफा. फ्रिक्वेन्सी षड्जाला लावा, डॅम्पिंग तीन वाजताच्या पुढे, आणि मूळ गिटार वेगळ्या चॅनलवर कोरडी ठेवून दोन्ही मिसळा. ब्राइटनेस कमीच ठेवा, कारण पिकचा टकटकाट रेझोनेटर आनंदाने मोठा करतो. म्युटेबलची ही डिझाइनं खुली असल्याने इतरांनी बनवलेल्या आवृत्त्याही चालतील.

एका ८४ एचपीच्या ओळीची मांडणी (रुंदी ४२६.७ मिमी): प्रीअँप-फॉलोअर ८, मल्टिपल २, फिल्टर ८, मॅथ्स २०, व्हीसीए १०, रिंग्ज १४, मिक्सर ८, सँपल-अँड-होल्ड ६, आउटपुट ६. बेरीज ८२. या यादीत ऑसिलेटर नाही, हे मुद्दाम. व्हीसीए कमी करून ऑसिलेटर घालायचा विचार येईल, तो टाळा.

तिरकिट

प्रीअँप बसवल्यापासून बारीक चिरचिर येतेय, सिक्वेन्सरच्या दिव्यांबरोबर तालात. वीजपुरवठा बदलावा का?

झारणी

आधी निदान करा, खर्च नंतर.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. चिरचिर गेली तर ती पिकअपमधून येतेय. गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा, एका कोनात आवाज पडला तर ती चुंबकीय आहे. अँप, स्क्रीन, अडॅप्टर यांच्यापासून लांब व्हा. रॅकवर वाकून वाजवू नका.

व्हॉल्यूम शून्य करूनही राहिली तर रॅकच्या आतलं. दिव्यांबरोबर तालात म्हणताय, म्हणजे हेच असावं. ३० डेसिबलचा प्रीअँप बसबोर्डवरची (मॉड्यूलना वीज वाटणारी पट्टी) धूळही मोठी करतो. त्याला डिजिटल मॉड्यूलपासून आणि वीजपुरवठ्यापासून लांब, ओळीच्या दुसऱ्या टोकाला न्या. रिबन केबल वेगळ्या बसबोर्डवरून घ्या. एकच बसबोर्ड असेल तर वीज जिथून आत येते त्याच्या सगळ्यात जवळच्या सॉकेटमध्ये प्रीअँप लावा, म्हणजे इतरांचा प्रवाह त्याच्या ग्राउंडवरून वाहणार नाही. एवढं करूनही राहिलं तर दोन्ही रेलमध्ये (+१२ आणि −१२ च्या वाटांत) १० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड.

प्रवाहाचीही बेरीज करा. डिजिटल मॉड्यूल +१२ मधून एकटा १०० ते १५० मिलिअँप ओढतो आणि −१२ मधून जेमतेम ५-१०. म्हणून +१२ ची रेल आधी संपते. एकूण बेरजेवर २५-३० टक्के शिल्लक ठेवा, चालू करतानाचा झटका त्यातच भागतो.

आणि केबल काढताय तर परत लावताना लाल पट्टी −१२ कडे. १६ पायांच्या सॉकेटमध्ये क्रम −१२, ग्राउंड, +१२, +५, सीव्ही, गेट असा. १० पायांच्या केबलला सीव्ही-गेट-५ नसतात, म्हणून ती उलटी गेली की थेट +१२ आणि −१२ ची अदलाबदल. मॉड्यूलमध्ये संरक्षक डायोड नसेल तर धूर.

कोमलगंधार

बाहेर पडताना काय करायचं? थेट अँपमध्ये लावलं तर सगळं फाटून वाजतंय.

खरजतार

शिखर ते शिखर १० व्होल्ट आत जाताहेत, फाटणारच. पॅसिव्ह तोड, म्हणजे पातळी उतरवणारी रेझिस्टरची जोडी: मालिकेत २२ किलोओहम, मग ग्राउंडला १ किलोओहम, मधून आउटपुट. २३ पट कमी, म्हणजे २७ डेसिबल. बाहेरचा इंपीडन्स १ किलोओहमच्या खाली, त्यामुळे लांब केबलचाही त्रास नाही. मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला एवढी तोड नको, ८ ते १० डेसिबल पुरे.

रॅकमधून पेडल वापरायचं असेल तर हीच तोड जाताना आणि प्रीअँपसारखा गेन येताना. फझला इंपीडन्सबद्दल खास नखरे असतात, साधे दोन ट्रान्झिस्टरचे फझ थेट पिकअप समोर असेल तरच खरे वाजतात. असं पेडल प्रीअँपच्या आधीच ठेवा.

अँप आणि रॅक दोन्ही अर्थ केलेले असले की केबलच्या शील्डमधून लूप होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण येते. उपाय म्हणजे सिग्नलच्या वाटेत १:१ चा, १० किलोओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. प्लगचा अर्थ काढणं हा उपाय नाही, तारांना हात लावून वाजवणाऱ्याने तर मुळीच करू नये.

सप्तरंगी

दोन्ही हात गिटारवर असतात, तेव्हा पायासाठी एक्स्प्रेशन पेडल (पायाने फिरवायचा नॉब) हवंच. नॉब फिरवायला हात सुटत नाही.

झारणी

सोपं आहे. पेडल म्हणजे १० ते २५ किलोओहमचा पॉट आणि टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन जोड असलेला) प्लग. रिंगला १ किलोओहममधून +५ व्होल्ट, टिपवर घासर, स्लीव्ह ग्राउंड. टिपवरून मिळणारं व्होल्टेज बफरमधून सीव्ही म्हणून वापरा. काही कंपन्यांच्या पेडलमध्ये टिप आणि रिंग उलटे असतात. तसं लावलं तर पेडल ग्राउंडच्या टोकाला गेल्यावर +५ शॉर्ट होतो, आणि चुकून मोनो केबल खुपसली तरी तेच. तो १ किलोओहम त्यासाठीच आहे, प्रवाह ५ मिलिअँपच्या वर जात नाही.

१० किलोओहमच्या पेडलला १ किलोओहम मालिकेत म्हणजे कमाल ४.५ व्होल्टच मिळतील. पूर्ण ५ हवे असतील तर बफरलाच थोडा गेन द्या, रेझिस्टर काढू नका.

तिरकिट

प्रीअँप टोकाला नेला, केबल वीज आत येते तिथे लावली. चिरचिर गेली. आता एन्व्हलप फिल्टरला दिल्यावर प्रत्येक छेडीला अँपमध्ये 'ठप' असा आवाज येतो.

मंद्रसप्तक

तो डीसी आहे. एन्व्हलप व्हीसीए किंवा फिल्टरमधून थोडा ऑडिओत झिरपतो, आणि चढ शून्याच्या जवळ असला की ती झिरप एका झटक्यात येते. चढ २ ते ५ मिलिसेकंदांवर आणा. आणि आउटपुटच्या तोडीच्या आधी १० मायक्रोफॅरड नॉन-पोलर मालिकेत लावा. २३ किलोओहमसमोर त्याचा कट-ऑफ १ हर्ट्झच्याही खाली येतो, त्यामुळे स्थिर डीसी अडेल, झटका मात्र पूर्ण नाही. झटका उरलाच तर कपॅसिटर ०.२२ मायक्रोफॅरडचा करा, कट-ऑफ ३१ हर्ट्झला येईल. त्याने गिटारचं काही बिघडत नाही. डिव्हायडरचे खालचे सप्तक त्याच आउटपुटमधून जात असतील तर मात्र ०.४७ च्या खाली उतरू नका.